कोणती माता?

रविवारी सकाळी मी आरशासमोर उघडा उभा राहून कमरेभोवती दोरा धरला होता, तेव्हा प्रणिताचा फोन आला. एका हातात दोऱ्याचं टोक, दुसऱ्या हाताचा अंगठा बेंबीवर. फोन उचलायला वेळ लागला.

"बाबा, बाहेर होता का?"

"नाही गं. मोजत होतो."

"काय मोजत होता?"

"खोली," मी म्हणालो. "पाळणा कुठे टांगायचा ते बघत होतो."

पाळणा खरंच टांगायचा होता, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. पण मोजत होतो मी माझी नागीण.

ज्यांना ती कधी झाली नाही त्यांना सांगतो. आधी दोन-तीन दिवस कातडीखाली आग होते. वरून काहीच दिसत नाही, पण बनियनचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. मग एक लाल पट्टा उठतो आणि त्यावर पाण्याने भरलेले फोड एका ओळीत येतात. आमच्या परतवाड्यात जो तो सांगतो की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझी ही तिसरी खेप होती. पहिली झाली ती माझी बायको सिंधू गेली त्या वर्षी. दुसरी, दोन वर्षांनी प्रणिताचं लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा. दोन्ही वेळी ती बेंबीपासून निघून पाठीच्या कण्यापाशी थांबली होती. आताही तिथेच थांबली होती. उरलेली अर्धी कमर कोरी होती.

फोनवर प्रणिता सांगत होती की बुधवारी संध्याकाळी पुण्याहून गाडीत बसतो आणि गुरुवारी सकाळी बडनेऱ्याला उतरतो. जावई सोबत येणार होते आणि तिला सोडून शनिवारी परत जाणार होते. त्यांना लगेच पुढच्या आठवड्यात कंपनीच्या कामासाठी चार महिने परदेशी जायचं होतं. तिचा सातवा महिना संपत आला होता. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला दिलेली मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती म्हणाली, "एकदा तुमच्याकडे येऊन पडले की सुटले." मी म्हणालो, ये.

ते "ये" म्हणण्यासाठी मी चार महिने भांडलो होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्यांना मान्य होतं, पण माहेर म्हणजे आई, आणि आई नव्हती. नाशिकच्या विहीणबाई फार गोड बोलून म्हणायच्या, तुम्ही एकटे पुरुषमाणूस, कशाला त्रास घेता, आम्ही करतो ना. मी हट्टाला पेटलो. गिझर बसवला. मालीशवाली ठरवली. सिंधूची मोठी बहीण बेबीताई अंजनगावला राहते, तिच्याकडे जाऊन अळिवाची खीर शिकलो. डिंकाचे लाडूही शिकलो. पहिल्या खेपेचा लाडू फोडायला अडकित्ता लागला, दुसऱ्या खेपेचे माणसाने खावेत असे झाले. मागची खोली रंगवून घेतली, आणि रंगाऱ्याने सोडलेले कोपरे स्वतः शिडीवर चढून पुरे केले. या सगळ्या धावपळीत झोप कमी झाली आणि जेवणाच्या वेळा हुकल्या, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

खरं सांगायचं तर लेकीची सोय हे निमित्त होतं. मला घरात कोणाचा तरी आवाज हवा होता. सिंधू गेल्यापासून माझ्या घरात कुकर तेवढा बोलायचा. तिसरी शिट्टी झाली की मी मोठ्याने "झालं" म्हणायचो, म्हणजे दोघं बोलल्यासारखं व्हायचं. एकदा दूधवाल्याला दारात उभं करून मी त्याला कालव्याचा उतार कसा काढतात ते समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी कडीला अडकवून जायला लागला. प्रणिता आली असती तर तीन-चार महिने घर भरलं असतं, आणि मग कदाचित तिला यायची सवय लागली असती. मी इतका पुढचा विचार करून ठेवला होता.

सोमवारी मी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. तायडे मॅडम वयाने प्रणिताएवढ्याच. मागच्या वेळीही त्यांनीच औषध दिलं होतं. त्यांनी शर्ट वर करायला सांगितलं, पाहिलं आणि आग कधी सुरू झाली ते विचारलं. शुक्रवारपासून, मी म्हणालो. त्या खूश झाल्या. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर पुढे महिनोन्‌महिने ठणका राहायची भीती कमी होते म्हणाल्या. दिवसातून पाच वेळा गोळ्या, सैल सुती कपडे, फोड फोडायचे नाहीत, गेरू लावायचा नाही आणि कोणाकडे मंत्र घालायला जायचं नाही. साखर तपासायला सांगितली, आणि तीन-तीनदा का होतेय ते बघायला रक्ताच्या आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या.

मी दोऱ्याचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, काका, ही नसेवरून चालते, आणि एका बाजूची नस दुसऱ्या बाजूला जात नाही. तुमचं तोंड-शेपूट जन्मात जुळणार नाही. मग त्यांनी मला पूर्वी कोणी न सांगितलेली गोष्ट सांगितली. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचं बीज नसांच्या मुळाशी झोपून राहतं. वय झालं, माणूस खचला, जागरणं झाली, मनाला घोर लागला, की ते उठतं.

"घरात आणखी कोण आहे?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"मी एकटाच," मी म्हणालो.

त्या दिवशी तरी ते खरं होतं. मी कागद घेतला, उठलो आणि खुर्चीखालची पिशवी उचलली. बाजारातून तसाच आलो होतो. पिशवीच्या तोंडाशी अळिवाची पुडी, खारकांचं पाकीट आणि बाळाची दोन झबली होती. मॅडमनी ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बसा काका. कोणाचं बाळंतपण आहे?"

मी सांगितलं. लेक कधी येणार ते त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. मॅडमनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुमच्या फोडातलं पाणी ज्याला लागेल त्याला नागीण होणार नाही, पण त्याला कधी कांजिण्या झाल्या नसतील तर कांजिण्या होतील. गरोदर बाईला त्या फार जड जातात, फुप्फुसापर्यंत जातात. बाळंतपणाच्या सुमारास झाल्या तर बाळाच्या जिवावर बेततं. लेकीला लहानपणी होऊन गेल्या असतील तर चिंतेचं काही नाही.

"झाल्यात," मी म्हणालो. "चार वर्षांची असताना."

"नक्की?"

"हो. माता आली होती तिला."

"कोणती माता?"

मला प्रश्नच कळला नाही. माता म्हणजे माता. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, सात दिवसांनी आंघोळ आणि दहीभाताचा नैवेद्य. मॅडम अमरावतीच्या, त्यांना आमच्याकडचं सगळं माहीत होतं. म्हणाल्या, माझी आजी गोवरालाही माताच म्हणायची आणि कांजिण्यांनाही माताच. तुमच्या मुलीला कोणती आली होती? पाण्याचे फोड होते की बारीक लाल पुरळ?

महिन्याभरापूर्वी प्रणितानेही फोनवर हेच विचारलं होतं. पुण्याच्या दवाखान्यात फॉर्म भरून घेत होते. तेव्हा मी ताबडतोब म्हणालो होतो, झाल्या होत्या कांजिण्या, चार वर्षांची होतीस. तिने तसं लिहून दिलं होतं.

मी घासाघीस करून पाहिली. फोड कापडाने झाकले तर? टॉवेल वेगळा, खोली वेगळी? मॅडम म्हणाल्या, झाकल्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण खपल्या धरेपर्यंत तो असतोच, आणि गरोदर बाईच्या बाबतीत मी पुष्कळ या शब्दावर भरवसा ठेवणार नाही. तिला पुण्यात रक्त तपासायला सांगा, चार दिवसांत कळेल. तोवर तिने इकडे येऊ नये. चार दिवस म्हणजे प्रवासाची मुदत संपली आणि जावई विमानात बसले. म्हणजे नाशिक. मी मान हलवून बाहेर पडलो.

मंगळवारी सकाळची एसटी धरून मी अंजनगावला बेबीताईकडे गेलो. सिंधू नव्हती, माझी आई नव्हती. त्या वेळी घरात असलेल्यांपैकी आता जिवंत माणूस ही एवढी एकच. प्रणिता आजारी होती म्हणून ती मदतीला येऊन राहिली होती हे मला आठवत होतं. ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी लांबच बसलो आणि सरळ विषयाला हात घातला.

"माता म्हणजे माता," ती म्हणाली. "तिले का आडनाव रायते का, भाऊजी?"

मी विचारलं, फोड होते का, पाण्याचे? ती म्हणाली की ताप होता, अंग लाल होतं, डोळे चिकटत होते. फोड होते की नव्हते ते काही आठवत नाही. तसं निरखून कोणी बघत नव्हतं. माझी आई कोणाला बघू देत नव्हती, आणि रोगाचं नाव घ्यायचीही सोय नव्हती. नाव घेतलं तर माता रागावते अशी समजूत.

"पन तुमी मले कायले विचारता?" बेबीताईने सूप खाली ठेवलं. "तुमी आले होते ना त्या शनवारी."

"मी?"

"हाव. धरणावरून आले होते. तुमच्या आईनं दारातूनच सांगतलं, घरात माता हाय, बाहेरून आलेल्यानं आत येऊ नाही. तुमी पेरूची पिशवी ओट्यावर ठेवली अन् आल्या पावली वापस गेले. सिंधू आतून आवाज देत होती तुमाले. तुमी काही ऐकला नाही."

बेबीताई टोमणा मारत नव्हती. तिच्या लेखी मी रीतीप्रमाणे वागलो होतो. चहा घेऊनच जा म्हणाली, पण मी नागिणीचं कारण सांगून उठलो.

एसटीत मला तो शनिवार आठवला, आणि नको तितका स्वच्छ आठवला. धरणाच्या कॅम्पवरून मी पंधरा दिवसांनी घरी यायचो. त्या दिवशी दारातून परत फिरलो तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. हायसं वाटलं होतं. घरी आलो की किराणा, आईची औषधं, सिंधूच्या तक्रारी. कॅम्पवर त्या शनिवारी पत्त्यांचा डाव होता. मी शेवटची गाडी पकडून डावाला वेळेवर पोहोचलो आणि सगळ्यांना म्हणालो, घरात माता आलीय, नाइलाज झाला. पोरगी कशी आहे हे मी त्या दारात विचारलं नाही. सिंधूचा आवाज ऐकला नाही असंही नाही. ऐकला होता.

बुधवारी सकाळपासून मी स्वतःशी वाद घातला. गोळ्या सुरू होऊन तिसरा दिवस होता, फोड झाकलेले होते. चार वर्षांच्या पोरींना कांजिण्याच जास्त होतात, असंही मी ठरवून टाकलं. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत ती, मधे अख्खं स्वयंपाकघर. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. आणि तिने एकदा सामान उचलून नाशिक गाठलं की ती परतवाड्याला पाहुणी म्हणूनच येणार, हे मला दिसत होतं. तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. चार वाजता ते घरातून निघणार होते. अडीच वाजता मी फोन लावला.

"प्रणू, गाडीत बसू नकोस."

ती घाबरली. तिला वाटलं माझ्या हृदयाचं काही झालं. मी म्हणालो, मला नागीण झालीय, तिसऱ्यांदा, पाच दिवस झाले. रविवारी फोन केलास तेव्हाही होती. त्याचं पाणी लागलं तर तुला कांजिण्या होऊ शकतात, असं डॉक्टर म्हणतात.

तिने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला.

"पण मला झाल्यात ना लहानपणी. तुम्हीच सांगितलं होतं. मग काय प्रश्न आहे? तुम्ही झाकून ठेवा, मी जवळ येणार नाही. उलट तुमच्याजवळ कोणीतरी असेल."

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर म्हटलं असतं तर ती सकाळी माझ्या घरात असती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"काय माहीत नाही?"

"तुला माता आली होती. ती कांजिण्यांची की गोवराची, मला माहीत नाही. मी घरात नव्हतो. रक्त तपासून घे आधी."

मागे जावई बॅग ओढत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग तेव्हा हो का म्हणालात?"

"तुझी आई गेल्यापासून तू मला पहिल्यांदाच काही विचारलं होतंस," मी म्हणालो. "याआधी सगळं तिला विचारायचीस. तुझ्या लहानपणाबद्दल तर मला कोणीच कधी काही विचारलं नाही. माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

"बाबा, मी ते डॉक्टरांना लिहून दिलं होतं."

"हो."

"तुम्ही आज फोन केला नसता तर?"

तिने फोन ठेवला.

शनिवारी जावयांचा फोन आला. ते सभ्य माणूस, त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले, रिपोर्ट आला, हिला कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत. म्हणजे ती माता गोवराची होती. प्रणिताला चोवीस वर्षांपूर्वी काय झालं होतं ते मला पुण्याच्या प्रयोगशाळेकडून कळलं. ते म्हणाले, उद्या तिला गाडीने सावकाश नाशिकला सोडतो आणि तिथूनच पुढे जातो. मी म्हणालो, बरोबर आहे. प्रणिता शेजारीच असणार, पण ती फोनवर आली नाही.

पुढचे सात आठवडे मी जसे काढले तसे सिंधू गेल्यावरही काढले नव्हते. खपल्या धरल्या, पडल्या, पण ठणका राहिला. दुपारी पाठीतून पोटाकडे कोणी तापलेली तार ओढावी तसं व्हायचं. मॅडमनी नसांच्या गोळ्या दिल्या, वेळेवर झोपायला आणि रोज दोन मैल चालायला सांगितलं. मी सगळं पाळलं. मोजणीदार माणूस, सांगितलेलं पाळतो. मागच्या खोलीचं दार मी बंद करून टाकलं, कारण ताज्या रंगाचा वास आला की मला रडू यायचं. डिंकाचे लाडू नाशिकला पाठवायची हिंमत झाली नाही. रोज सकाळी एक, असे मीच खाल्ले. बाळंतिणीचे लाडू एकसष्ट वर्षांच्या विधुराने खाल्ले, आणि वजन तीन किलोने वाढलं.

त्या खेपेनंतर नागीण मला पुन्हा झाली नाही. आता तर तिची लस आपल्याकडेही मिळते. गेल्या वर्षी तायडे मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं आणि मी दोन्ही डोस घेतले. पण या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा ती इथे मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी मी घेतली असती असं नाही.

त्या सात आठवड्यांत प्रणिताने मला एकदाही फोन केला नाही. विहीणबाई दर रविवारी करायच्या. ती बरी आहे, झोपलीय, फिरायला गेलीय, असं काहीबाही सांगायच्या. मी तिला फोन द्या म्हटलं नाही. मला तो हक्क उरला नव्हता असं वाटायचं. दिवस भरत आलेत एवढं मात्र रोज कॅलेंडरवर बघायचो.

मग एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. मी भाजी निवडत होतो. नाव दिसलं, प्रणिताचं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज ओढलेला होता. "दवाखान्यात आलोय आम्ही. पहाटेपासून कळा येताहेत."

मी उभा राहिलो. ठीक आहेस ना, एवढंच विचारलं.

"ठीक आहे. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल." ती थांबली, एक मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत नसेल, पण विचारते. माझ्या वेळी आईला किती वेळ लागला होता?"

तुम्हाला माहीत नसेल, पण विचारते. हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. माझी ओळख जशी झाली होती तशी तिने ती बोलून दाखवली, इतकंच. आणि तरीही विचारलं होतं. विहीणबाई तिच्या शेजारी होत्या, डॉक्टर होत्या, पण ही गोष्ट सांगणारी आई तिला नव्हती. आठ तास म्हणालो असतो तरी चाललं असतं. बारा म्हणालो असतो तरी तिला धीर आला असता. कोणी तपासायला येणार नव्हतं, ही गोष्ट कुठल्या रक्तातही सापडत नाही.

"माहीत नाही, बेटा," मी म्हणालो. "मी धरणावर होतो. तार पोहोचली तेव्हा तू दोन दिवसांची होतीस. नंतर मी तिला कधी विचारलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ठेवेल. पण तिने ठेवला नाही. पलीकडे कोणी बाई तिला चालत राहायला सांगत होती, आणि ती फोन कानाला धरूनच चालायला लागली. चपलांचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, मग तिचा श्वास मोठा व्हायचा. कळ ओसरली की पुन्हा चपला. मी स्वयंपाकघरात उभाच होतो. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली,

"बाबा, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.